कोलकात्याची लाल जमीन
कोलकाता : उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांत शिरताच काळ्या पट्टीने वेढलेली लाल जमीन लक्ष वेधून घेते. हा आपल्या कोब्याचाच प्रकार असून कोकणातील घरांमुळे मराठी वाचकांना तो अपरिचित नाही. सिमेंट-वाळूच्या थरावर लोह ऑक्साईडची लाल भुकटी मिसळलेल्या सिमेंटचा पातळ थर देऊन तो थापीने घोटला जातो.

धनिकांची पसंती अर्थातच संगमरवराला होती. राजेंद्र मल्लिक यांच्या १८३५ मधील प्रासादाला ‘मार्बल पॅलेस’ हे नाव त्यावरूनच पडले. मात्र संगमरवरावर लिंबूरस सांडला तरी डाग उमटतो. लाल जमीन स्वस्त, पायांना थंड आणि सांधे नसल्याने पुसण्यास सोपी.

खरी अडचण कारागिराची आहे. घोटाईत किंवा त्यानंतर अनेक दिवस पाणी मारण्यात हयगय झाल्यास तडे जातात आणि ठिगळाचा रंग मूळ रंगाशी जुळत नाही. व्हिट्रिफाईड टाइल्स पाणी जवळजवळ शोषत नाहीत, फुटलेली टाइल बदलताही येते. पण चकचकीत टाइल ओली होताच पाय घसरतो. न्हाणीघरात ती टाळलेलीच बरी.

कोलकात्यातील जुनी घरे वाचविण्यासाठी लेखक अमित चौधुरी यांनी २०१५ मध्ये मोहीम सुरू केली. घर पाडताना दारे-खिडक्या आणि संगमरवर काढून नेता येतो. अखंड ओतलेली लाल जमीन मात्र घराबरोबरच नष्ट होते. त्यामुळे जुन्या घराची दुरुस्ती करताना तिच्यावर टाइल्स बसविण्यापूर्वी एक कोपरा स्वच्छ घासून, मेण लावून पाहावा. बहुतेकदा तेवढ्याने झळाळी परत येते.