झऱ्यापर्यंत पायीच जावे
इटलीत नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर पांझा गावाहून सोर्जेतोच्या गरम झऱ्यांकडे जाणारी वाट शेवटी दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून समुद्राला भिडते. गाडीने खालच्या वळणापर्यंत जाता येत असले, तरी ही वाट चालण्यात अर्थ आहे. कारण पाणी कढत का, याचे उत्तर या भूमीतच आहे. बेटावरचा ७८९ मीटर उंचीचा एपोमेओ डोंगर सुमारे ५५ हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकातील राख घट्ट होऊन बनला आणि पुढे शिलारसाच्या रेट्याने वर उचलला गेला. भूगर्भातली ती उष्णता आजही मुरलेले पावसाचे आणि समुद्राचे पाणी तापवते. सोर्जेतोत ते लाटांत मिसळते, म्हणूनच डुंबण्याजोगे होते.

गुडघेदुखीवर इलाज शोधत आलेल्याने इतक्या पायऱ्या का उतराव्यात, हा आक्षेप रास्तच आहे. अशांसाठी बेटावर बस पोहोचते अशी स्नानगृहे आहेत. दुसरा आक्षेप धोक्याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच बेटावरील कासामिच्चोलात अतिवृष्टीने चिखल-दगडांचा लोंढा येऊन १२ जण दगावले. पण त्यावरून मुसळधार पावसात उतार टाळावेत एवढेच ठरते. पाय धड असतील, तर कोरड्या दिवशी चालतच जावे.