सुताराच्या घरातील कवी

बहुतेक प्रत्येक गावात असा एखादा मनुष्य असतो, की ज्याचे खरे नाव लोक विसरून गेलेले असतात. तो स्वतःशीच बोलत रस्त्याने जातो, पोरे त्याच्यामागे धावतात आणि मोठी माणसे ‘बिचारा!’ एवढे म्हणून आपापल्या कामाला लागतात. दक्षिण जर्मनीतील ट्यूबिंगेन या विद्यापीठाच्या लहानशा गावीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा एक मनुष्य होता. १८०७ पासून १८४३ पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षे, तो नेकार नदीच्या काठी जुन्या तटबंदीला लागून असलेल्या एका मनोऱ्यात राहिला.

त्याच्या भेटीस कोणी गेले, की तो कमरेत लवून अभिवादन करी आणि साध्या विद्यार्थ्यालाही ‘महाराज’, ‘सरदारसाहेब’, प्रसंगी ‘परमपूज्य धर्मगुरू’ अशा पदव्या बहाल करी. एखादा प्रश्न नकोसा झाला, की ‘पल्लाक्श’ हा स्वतःच बनविलेला शब्द उच्चारी. त्याचा अर्थ कधी ‘होय’ असे, कधी ‘नाही’. एका राजकन्येने त्याला पियानो भेट दिला होता. त्याच्या काही तारा याने स्वतःच तोडून टाकल्या आणि उरलेल्या तारांवर तोच तो साधा सूर तो तासन् तास वाजवीत बसे. वाढलेली नखे पट्ट्यांवर टकटक आपटत असत. फिरावयास निघाला, तर हातरुमालाने कुंपणाच्या खांबांना फटके मारीत चाले. कोणी कविता मागितली, तर मात्र तो लिहिण्याच्या मेजाशी उभा राही आणि डाव्या हाताने मात्रा मोजीत तेथल्या तेथे ती लिहून देई. खाली सही करी ‘स्कार्दानेली’ या नावाने आणि तारीख घाली आपल्या जन्माच्याही आधीची! आपल्या खऱ्या नावाने कोणी हाक मारलेली त्याला खपत नसे.

ते खरे नाव होते फ्रीडरिश हॉल्डरलिन. जर्मन भाषेच्या श्रेष्ठ कवींत आज त्याची गणना होते. १७७० साली जन्मलेल्या या कवीने याच ट्यूबिंगेनमध्ये धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे जगाला तत्त्वज्ञ म्हणून माहीत झालेले हेगेल आणि शेलिंग हे तेथील त्याचे सहाध्यायी व मित्र. श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवून तो पोट भरी. फ्रँकफुर्टमधील अशाच एका घरच्या गृहिणीवर त्याचे प्रेम जडले. १८०२ साली ती वारली आणि त्याच वर्षी तो फ्रान्सहून अत्यंत विस्कळीत मनःस्थितीत परत आला. या दोन गोष्टींची सांगड घालून त्याच्या वेडाची कथा सांगण्याचा मोह अनेकांना झाला आहे. अशा कथा ऐकावयास गोड लागतात. पण मनाचे आजार इतक्या सोप्या हिशोबाने जडत नाहीत. पुढे १९७८ साली एका फ्रेंच अभ्यासकाने तर हे सारे वेडाचे सोंगच होते, असेही प्रतिपादन केले. ते मत फारसे मान्य झाले नाही.

१८०६ च्या सप्टेंबरात त्याला बळजबरीने ट्यूबिंगेनच्या रुग्णालयात आणण्यात आले. तेथील प्रमुख डॉक्टर औटेनरीट हे त्या काळातील नामांकित वैद्य. सुमारे आठ महिन्यांच्या उपचारांनंतर रोगी बरा होण्यासारखा नाही, फार तर तीन वर्षे जगेल, असा निर्णय देऊन त्याला सोडण्यात आले.

त्याला घरी नेले ते एर्न्स्ट त्सिमर नावाच्या एका सुताराने. ना नाते, ना गोते. त्याने हॉल्डरलिनची ‘हायपेरियॉन’ ही कादंबरी वाचली होती आणि ती त्याला मनापासून आवडली होती, ओळख एवढीच. नदीकडे खिडक्या असलेली मनोऱ्यातील खोली त्याने या पाहुण्याला दिली. हा धर्मादाय नव्हता, हेही सांगितले पाहिजे. खर्चासाठी कवीची आई पैसे पाठवी, सरकारातूनही वर्षासन मिळे, आणि त्सिमर खर्चाचा हिशोब नियमाने आईला कळवी. परंतु त्या हिशोबाबरोबर तो जी पत्रे लिही, ती एखाद्या घरमालकाची वाटत नाहीत. मुलाची प्रकृती कशी आहे, भूक कशी लागते, झटका केव्हा आला आणि केव्हा ओसरला, हे सारे तो लिही. प्रारंभीच्या काळात हे झटके चांगलेच उग्र असत. घरात बायको, लहान मुले आणि भाडेकरू विद्यार्थी असताना असा रोगी सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असा अनुभव आला असेल त्यालाच उमजेल.

१८१२ मधील एका पत्रात त्सिमरने एक प्रसंग कळविला आहे. त्याच्याजवळ असलेले एका देवालयाचे चित्र पाहून हॉल्डरलिनने ‘मला लाकडाचे असे देऊळ करून दे’ असा आग्रह धरला. त्सिमर म्हणाला, मला भाकरीसाठी राबावे लागते; तुमच्यासारखे तत्त्वचिंतनात शांतपणे बसून राहण्याचे भाग्य माझे नाही. त्यावर तो म्हणाला, अरे, मी तर एक गरीब माणूस! आणि लगेच पेन्सिल घेऊन त्याने एका फळीवर चार ओळींची कविता लिहून दिली. ती आज जर्मन काव्यसंग्रहांत वाचावयास मिळते. वेड्याचे बोलणे कारागिराने मनावर घेतले आणि फळीवरचे लेखन जपून आईला कळविले, म्हणून ती राहिली.

आई मात्र या वर्षांत त्याला भेटावयास आल्याची नोंद नाही. तो तिला दरबारी थाटाची कोरडी, आखीव पत्रे लिही आणि शेवटी ‘आपला परम आज्ञाधारक पुत्र’ अशी सही करी. १८२८ साली ती वारली. तिच्यामागे इस्टेटीवरून तंटा झाला, तो वेगळाच.

आपल्या देशात २०१७ साली मानसिक आरोग्याविषयी जो कायदा झाला, त्यात मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. कुटुंबाने स्वीकारले नाही एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे, असेही तो कायदा म्हणतो. कायदा चांगला आहे. प्रश्न एवढाच, की रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडलेल्या त्या माणसासाठी खोली कोणाच्या घरी रिकामी आहे?

ट्यूबिंगेनमध्ये ती खोली मूळ यजमान गेल्यावरही रिकामी झाली नाही. १८३८ मध्ये त्सिमर वारला. तेव्हा त्याची मुलगी लोटे पंचविशीत होती. हॉल्डरलिन त्या घरात आला तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. म्हणजे तो घरात नाही असा दिवस तिने पाहिलेलाच नव्हता. तिने आणि तिच्या आईने त्याची व्यवस्था पुढे तशीच चालविली.

डॉक्टरांनी तीन वर्षे सांगितली होती. तो ७३ वर्षांचा झाला. ७ जून १८४३ रोजी रात्री अकराच्या सुमारास त्याचा अंत झाला. त्याच रात्री लोटेने त्याच्या सावत्र भावाला पत्र लिहिले. काही दिवस त्याला पडसे होते, असे तिने कळविले. त्या संध्याकाळीही त्याने पियानो वाजविला, त्यांच्या खोलीत बसून जेवण केले. रात्री निजावयास गेला; पण जीव घाबरा होतो, अंथरुणात राहवत नाही, म्हणून पुन्हा उठला. तिने त्याला धीर दिला आणि ती त्याच्याजवळून हलली नाही.