हरिश्चंद्रगडावरील कंदीलपुष्प

अकोले तालुक्याच्या पश्चिम सरहद्दीवर, हरिश्चंद्रगडाच्या कातळावरील तुटपुंज्या मातीत, पावसाळ्याच्या उत्तरार्धात जी एक दुर्मीळ वनस्पती फुलते, ती सेरोपेजिया लॉवी ही आपल्या परिचयाच्या खरपुडी ऊर्फ कंदीलपुष्पांपैकी एक प्रदेशनिष्ठ प्रजाती होय. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील लॉसाहेबांचे नाव तिला लाभले आणि 1883 साली वनस्पतिशास्त्रज्ञ हुकरने तिची शास्त्राच्या दफ्तरी नोंद केली.

या पुष्पांची रचना विलक्षण असते: गंधाने आकृष्ट झालेली क्षुद्र माशी नळीत उतरली, की अधोमुख केसांमुळे तिला परतीचा मज्जाव होतो, आणि ते केस कोमेजल्यावरच ती परागपुंज घेऊन मुक्त होते. (असा चोख बंदोबस्त कोणत्याही तुरुंगखात्याला साधलेला नाही!)

परंतु गुरांनी कोवळा शेंडा कळ्यांसकट खाल्ला, तर जमिनीतील कंद तगला तरी बीज धरत नाही. वर्षानुवर्षे असेच घडत गेले, की जुने कंद संपतात आणि नवी रोपे उगवत नाहीत. त्यात कंद खाद्य असल्याने माणसेही ते उकरतात. 1986 पासून हा प्रदेश अभयारण्य आहे. तथापि चराईची जुनी वहिवाट केवळ हुकुमाने मोडत नाही, आणि गुराख्यालाच दोषी ठरविणे मला न्याय्य वाटत नाही. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने ग्रामस्थांच्या संमतीने चराईबंदी अमलात आणून गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, तो मार्ग अधिक भरवशाचा आहे.

भाद्रपदात गडावर जाणाऱ्यांनी फूल खुडू नये, कंद उकरू नये आणि छायाचित्रासोबत नेमके ठिकाण जाहीर करू नये, ही विनंती.