उभं करायचं आणि सोडून द्यायचं

रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले. दोनच दिवसांत नोएल टाटा हे टाटा ट्रस्टांच्या अध्यक्षपदी आले आणि पुढे विश्वस्तांमधले मतभेद पार पहिल्या पानावर पोहोचले. कोण कोणाच्या बाजूने, समूहाची मुख्य कंपनी असलेल्या टाटा सन्सच्या संचालक मंडळावर कोणाला पाठवायचं, याची चर्चा चवीने झाली. टाटा सन्सचा सुमारे ६६ टक्के हिस्सा या ट्रस्टांकडे आहे, तेव्हा ती होणारच. पण हा हिस्सा ज्या कामासाठी विश्वस्तांच्या हवाली केला, त्या कामाबद्दल विचारणारे फार थोडे दिसले.

समूहाचे एके काळचे प्रमुख सर दोराबजी टाटा यांचंच उदाहरण घेऊ. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडायच्या बेताला आला, तेव्हा त्यांनी स्वतःची मालमत्ता आणि पत्नी मेहेरबाईंचे दागिने इम्पीरियल बँकेत गहाण टाकले. त्यात २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा होता, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. कारखाना सावरला. १९३१ मध्ये मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावाने ट्रस्ट काढला आणि बाकी सगळं, टाटा सन्समधले शेअर आणि तो हिरासुद्धा, सर दोराबजी टाटा ट्रस्टला देऊन टाकलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीत त्यांचं निधन झालं. हिरा पुढे विकला गेला आणि पैसे ट्रस्टमध्ये आले.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं मला या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटतात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट नागपाड्यात कामगार वस्तीत काम करत होते. समाजकार्याचं रीतसर शिक्षण द्यायला हवं, हा त्यांचा आग्रह ट्रस्टने मानला आणि १९३६ मध्ये नागपाड्यातच आजच्या ‘टिस’ची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सुरुवात झाली. १९४१ मध्ये ट्रस्टने परळला ८० खाटांचं कॅन्सर हॉस्पिटल उघडलं. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. अणुऊर्जा प्रत्यक्षात येईल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावं लागू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिरोशिमाच्या आधीची ही गोष्ट! मेहेरबाई या भाभांच्या आत्या, हे खरं; पण चौतिशीतल्या माणसाच्या अशा पत्रावर पैसे लावायला नात्यापलीकडची हिंमत लागते. ट्रस्टने ती दाखवली आणि मुंबईत या संस्थेचं, म्हणजे ‘टीआयएफआर’चं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च), काम पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात सुरू झालं.

आणि मग ट्रस्टने हात सोडला. परळचं हॉस्पिटल १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. आज विदर्भातून, बिहारमधून, आसामातून आलेला माणूस रिपोर्टांची पिशवी छातीशी धरून परळला उतरतो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहतो, नाही मिळाली तर फुटपाथवर पथारी पसरतो. त्याच्या उपचाराचा भार सरकारी तिजोरी उचलते. कुठल्याही खासगी ट्रस्टला हे एकट्याने पेललं नसतं.

पुढे ट्रस्टांचा भर स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याकडे वळला आणि अलीकडे स्वतःच कार्यक्रम राबवण्याकडे. आसाम सरकारबरोबर १७ कॅन्सर केंद्रांची साखळी उभारायला घेतली, त्यातली सात एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली. दिब्रुगडच्या रुग्णाला परळ गाठावं लागू नये, याहून चांगला उद्देश कोणता?

तरी चिंता वाटते. जून २०२४ मध्ये टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानाच्या प्रश्नावरून ‘टिस’मधल्या शंभरहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा गेल्या. दोन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या, पण वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांची नोकरी मुदतीच्या अनुदानावर टांगलेली आहे, हे उघड झालं. मुदतीच्या प्रकल्पांना पैसे देणं सोपं असतं, कारण त्यांचा अहवाल वर्षाअखेरीस मांडता येतो. मॅन्शार्ट किंवा भाभांच्या संस्थेचा असा अहवाल पहिल्या पाच वर्षांत कोणी मांडू शकलं नसतं. आज तशी मागणी घेऊन कोणी आलं, तर विश्वस्तांच्या बैठकीत ती कोण वाचतं आणि होकार कोण देतं, हे मला संचालक मंडळातल्या खुर्चीपेक्षा आधी जाणून घ्यायचं आहे.