गोठ्यातील कृमिघ्न औषधे आणि आपली गव्य द्रव्ये

पंचगव्य घृत सिद्ध करताना गोमयरस, गोमूत्र, दूध, दही आणि तूप यांची प्रमाणे आपण काटेकोरपणे पाहतो. गाय काय चरते, व्यायल्यास किती दिवस झाले, याची चौकशी करणारे वैद्यही आहेत. मात्र तिला गेल्या महिन्यात जंतांचे कोणते औषध पाजले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो का विचारावा, हे यकृतातील पर्णकृमींवरील औषधे जनावराच्या शरीरात कशी वावरतात ते पाहिले म्हणजे ध्यानी येते.

पशुवैद्यक ज्याला लिव्हर फ्लूक म्हणतात तो हा कृमी आपल्याकडे प्रामुख्याने फॅसिओला जायगँटिका या जातीचा असतो. भाताची खाचरे, तळ्याचे काठ अशा पाणथळ जागी राहणाऱ्या गोगलगायीत त्याची बाल्यावस्था जाते. गवताला चिकटलेले त्याचे कोष पोटात गेले की कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतो, कित्येक आठवडे ते पोखरतो आणि अखेर पित्तवाहिन्यांत स्थिरावतो. पांडुता, कृशता, दूध आटणे व जबड्याखाली शोथ ही लक्षणे दिसू लागतात. त्यामुळे यावरील औषध केवळ आतड्यात फिरून भागत नाही. ते यकृतात, पित्तात आणि कृमी पितो त्या रक्तात पोहोचावे लागते. जे औषध इतके खोल शिरते, ते तितक्या सहजी बाहेर पडत नाही.

ट्रायक्लाबेंडाझोलचे उदाहरण घेऊ. कोवळ्या व प्रौढ अशा दोन्ही अवस्थांतील कृमींवर चालणारे म्हणून ते नावाजले. तोंडाने दिल्यावर कोठीपोट हे जणू त्याचे कोठार बनते व तेथून ते हळूहळू पुढे सरकते. (औषधापूर्वी चारा कमी केला तर ते पोटात अधिक रेंगाळते आणि शोषण वाढते.) यकृतात त्याचे रूपांतर प्रथम सल्फॉक्साइडमध्ये व नंतर सल्फोनमध्ये होते, मूळ औषध रक्तात जवळजवळ सापडतच नाही. मेंढीच्या रक्तात पहिल्याचे प्रमाण साधारण १८ तासांनी, तर दुसऱ्याचे ३६ तासांनी शिखर गाठते. दोन्ही रूपे रक्तातील अल्ब्युमिनला घट्ट बिलगतात. त्यांचा निचरा मुख्यतः पित्तावाटे शेणात होतो, मूत्रात अत्यल्प, दुधात थोडा.

क्लोझँटेल व रॅफोक्सानाइड यांची चाल आणखी मंद आहे. ती ९९ टक्क्यांहून अधिक अल्ब्युमिनला बांधलेली राहतात आणि मेंढीत त्यांचा अर्धायुष्यकाळ सुमारे दोन आठवड्यांचा आहे. रक्त पिणाऱ्या कृमीला हा दीर्घ मुक्कामच भोवतो. क्लोझँटेलवर यकृताची प्रक्रिया फारशी होत नाही. बहुतांश औषध मूळ स्वरूपातच शेणावाटे जाते. मात्रा अधिक झाल्यास जनावर आंधळे होते, हेही नमूद करावेसे वाटते, कारण अंदाजाने पाजण्याची सवय खेड्यापाड्यांत अजून आहे. ऑक्सिक्लोझानाइड तुलनेने लवकर ओसरते, पण त्याचा प्रभाव प्रौढ कृमींपुरताच. नायट्रॉक्सिनिल कोठीपोटातील सूक्ष्मजीव निकामी करतात, म्हणून ते टोचूनच द्यावे लागते.

अल्बेंडाझोलचा मार्ग निराळा. पर्णकृमींवर ते प्रौढावस्थेतच उपयोगी पडते, परंतु जंतांचे सर्वसाधारण औषध म्हणून गोठ्यात तेच अधिक आढळते. यकृतात रूपांतर झाल्यावर त्याचा मोठा भाग मूत्रावाटे बाहेर पडतो.

आता हे आपल्या द्रव्यांना लावून पाहू. वत्सनाभाच्या शोधनासाठी किंवा पुनर्नवा मंडुरासाठी गोमूत्र घ्यायचे असेल, तर अल्बेंडाझोल दिलेली गाय काही दिवस वर्ज्य मानावी. उलट क्लोझँटेलच्या बाबतीत मूत्रापेक्षा गोमयरसाची चिंता अधिक. ‘गाईला औषध दिले होते का’ एवढे विचारून भागत नाही, कोणते आणि कधी दिले हेही कळले पाहिजे. दूध उकळले वा दीर्घकाळ आटवले की दोष जातो, ही समजूतही येथे उपयोगी नाही. ट्रायक्लाबेंडाझोलचे दुधातील अंश उष्णतेने फारसे नष्ट होत नाहीत, आणि त्या दुधाच्या चीजमध्ये ते मूळ दुधापेक्षा कितीतरी दाट झालेले आढळले आहेत. क्षीरपाक व घृतपाक करणाऱ्यांनी याची दखल घेणे इष्ट. रुग्णाला विकारनाशक म्हणून दिलेल्या द्रव्यात नको असलेले औषध राहणे वैद्याला परवडणारे नाही. जनावराला दिलेले औषध कोठवर जाते याचा धडा गिधाडांनी दिलाच आहे. पशूंसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती त्यामुळेच.

औषधाच्या वेष्टनावर दुधासाठी प्रतीक्षाकाळ छापलेला असतो, किंवा दुभत्या जनावरास देऊ नये असे लिहिलेले असते. तो काळ दूध पिणाऱ्याचा विचार करून ठरवलेला असतो. मूत्र व शेण औषधात घेणारा मनुष्य तेथे कोणाच्या गणतीत नाही. शिवाय तो निरोगी जनावराच्या हिशेबाने येतो, आणि औषधाचे रूपांतर करणारे यकृतच कृमींनी जखमी केले असेल तर हिशेब लांबू शकतो. म्हणून आमचा कल छापील मुदतीपेक्षा अधिक थांबण्याकडे आहे. क्लोझँटेल वा रॅफोक्सानाइड दिलेल्या जनावराचे गव्य तर दोन-तीन महिने न घेतलेलेच बरे.

२००० साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टीनुसार औषधनिर्मात्याला कच्च्या द्रव्यांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. गव्य द्रव्यांच्या वहीत पशुपालकाचे नाव, जनावराची खूण, शेवटचे कृमिघ्न औषध व त्याची तारीख असे चार रकाने वाढवणे कठीण नाही. रिकामी बाटली किंवा वेष्टन दाखवण्यास सांगावे. नावे पशुपालकांच्या लक्षात राहत नाहीत, पण बाटली बहुधा गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असते. अजादुग्ध घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. शेळी ही औषधे मेंढीपेक्षा लवकर पचवून टाकते, म्हणून तिला बहुधा अधिक मात्रा दिली जाते, आणि बकऱ्यांच्या कळपात कोणाला किती पाजले याची आठवण कोणी ठेवत नाही.