तपासणीपूर्वी मालमोटारींची तयारी

निफाड तालुका म्हटला की कांदा आणि द्राक्षे डोळ्यांसमोर उभी राहतात. लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांमधून हा माल परप्रांतांत जातो, तो मुख्यतः मालमोटारींतून. या गाड्या सुरक्षिततेच्या शासकीय तपासणीस उतराव्यात यासाठी वाहतूकदाराने केव्हापासून सिद्धता करावी, हा प्रश्न म्हणूनच येथे महत्त्वाचा ठरतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 56 अन्वये मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास ते दर दोन वर्षांनी, त्याहून जुन्यास दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. ब्रेक, सुकाणू, दिवे, वेगनियंत्रक, परावर्तक पट्ट्या यांची त्या वेळी पाहणी होते. पुष्कळ मालक आदल्या दिवशी गाडीस रंग देतात; रंगाने ब्रेक लागत नाहीत. दुरुस्तीची नोंद प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र वहीत तारखेनिशी असावी.

वजनाचा हिशेब त्याहून नाजूक. दोन आसांच्या मालमोटारीची मालासह कमाल मर्यादा 2018 मध्ये 16.2 टनांवरून 18.5 टनांपर्यंत वाढविण्यात आली. परंतु प्रत्येक गाडीस तिच्या नोंदणी पुस्तिकेतील आकडाच बंधनकारक असतो. तो ओलांडल्यास 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये दंड होतो, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. यासाठी काटापावती फेरीच्या कागदांस जोडून ठेवावी.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो चालक. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 ने त्याच्यासाठी दिवसाला आठ तास कामाची आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाच्या विश्रांतीची सर्वसाधारण मर्यादा घालून दिली. आठ तासांचे तत्त्व 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कायम राहिले. प्रत्यक्षात लिलाव सकाळी होतो, मग प्रतवारी, गोणी भरणे, हमालांची वाट पाहणे. गाडी भरून होईपर्यंत दिवस मावळतो. सकाळपासून ताटकळलेला चालक रात्री सुकाणू हाती घेतो, आणि नोंदवहीत त्याचे काम मात्र रात्रीपासूनच सुरू होते. हिवाळ्यात धुक्याची त्यात भर. अशा फेरीस दुसरा चालक द्यावा व त्याचे नाव निघण्यापूर्वीच वहीत लिहावे. बाजार समितीच्या प्रवेशपावतीवरील वेळ आणि नोंदवहीतील वेळ शेजारी ठेवल्या, की जागरण कोणाचे व किती, हे निरीक्षकास विचारावे लागत नाही.