अठ्ठावन्न की साठ?

डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात उभी हयात गेलेल्या माणसाला अठ्ठावन्नावं लागलं की घरात दोन आकड्यांची चर्चा सुरू होते: पीएफ किती मिळणार आणि पेन्शन किती बसणार. पहिला आकडा पासबुकात दिसतो. दुसरा मांडून पाहावा लागतो, आणि मांडल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो.

पीएफमधल्या मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, पण तेही सहसा ठरावीक पगारावरच. सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा १५,००० रुपये आहे. पगार चाळीस हजार असला तरी पेन्शनच्या खात्यात महिन्याला १,२५० रुपयेच पडतात. त्याआधीची मर्यादा ६,५०० होती, आणि त्या वर्षांचा हिशेब त्याच दराने होतो. पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सप्टेंबर १९९६ मध्ये लागून ऑगस्ट २०२५ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण केलेला कामगार घेऊ. आधीच्या १८ वर्षांचे १,६७१ आणि नंतरच्या ११ वर्षांचे २,३५७, म्हणजे ४,०२८ रुपये. वीस वर्षांवर सेवा झाली म्हणून मिळणारी दोन वर्षांची वाढ धरली, तरी त्यात काही शेकड्यांचीच भर.

मग कुणीतरी सुचवतं, साठपर्यंत थांबा, वर्षाला ४ टक्के वाढतात. वाढतात खरे. दोन वर्षांनी महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास जास्त येतील. पण त्यासाठी आज सोडलेली रक्कम होते ९६ हजारांच्या वर. ती भरून निघायला साठीनंतर साधारण पंचवीस वर्षं लागतील. नोकरी चालू असेल तर गोष्ट वेगळी. हात रिकामे असताना थांबण्यात फारसा शहाणपणा नाही.

उलट बाजूलाही मोह आहेच. नोकरी सुटली असेल आणि दहा वर्षांची सेवा असेल तर पन्नाशीतही पेन्शन सुरू होते, फक्त दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कापले जातात. २००९ मध्ये कल्याणजवळच्या मोहन्यातली एनआरसी कंपनी बंद पडली. अशा वेळी पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराला ही कपात पर्याय म्हणून दाखवणं जरा क्रूरच वाटतं.

खरा घोळ मात्र आकड्यांत नसतो, नावांत असतो. फॉर्म १०डी भरताना नवरा-बायकोचा एकत्र फोटो, बँकेचा तपशील, पंचवीसच्या आतल्या मुलांची माहिती हे सगळं जमतं. अडतं ते आधारवर ‘दत्तात्रय’ आणि कंपनीच्या नोंदीत ‘दत्ता’ असल्यावर. बायकोचं एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. मग संयुक्त घोषणापत्र, त्यावर मालकाची सही. आणि कंपनीच उरली नसेल तर अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही शोधत फिरणं. वागळे इस्टेटमधल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात खेपा घालण्याआधी, नोकरीत असतानाच ही नावं जुळवून घेतलेली बरी. नवरा गेल्यावर निम्मी पेन्शन जिच्या नावे व्हायची, तिच्या नावाची तर विशेष.

पेन्शन एवढीशी, म्हणून घर चालायचं ते पीएफच्या रकमेवर. आणि नेमकी तीच बदलापूरच्या फ्लॅटमध्ये किंवा लग्नाच्या हॉलमध्ये जाते. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के व्याज आहे. दहा लाख ठेवले तर तिमाहीला २०,५०० रुपये, म्हणजे वरच्या पेन्शनपेक्षा महिन्याकाठी बरेच जास्त. साठीची अट आहे, पण पंचावन्ननंतर निवृत्त झालेल्याला पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. ही मुदत अनेकांना माहीत नसते.

हयातीचा दाखला आता सोपा झाला आहे. या पेन्शनला नोव्हेंबरचीच अट नाही. ज्या दिवशी द्याल तिथून वर्षभर चालतो, आणि बोटांचे ठसे घासले गेले असतील तर फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून मिळते. त्यामुळे डोंबिवलीची खोली विकून साताऱ्याकडच्या गावी परतणाऱ्याला पेन्शनचे कागद तिकडे वर्ग करत बसावं लागत नाही.